सावित्रम्माचा उजवा हात

साखर पेठेतल्या कुंडलिक बंडगरांनी बाळासो मुकादमांचं घड्याळ तिसऱ्यांदा उघडलं, तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. साल शहात्तर. घड्याळ जपानी, निळ्या तबकडीचं, मुकादमांच्या मेव्हण्यानं मस्कतहून आणलेलं. त्याला चावी द्यायची सोयच नव्हती. आत अर्धचंद्रासारखी एक जड पट्टी होती. घालणाऱ्याचा हात हलला की ती फिरायची आणि तिच्या फिरण्यानं स्प्रिंग भरली जायची. ऑटोमॅटिक म्हणतात ते हेच.

कुंडलिकांनी ते सोडवून पेट्रोलमध्ये धुतलं होतं, तेल घालून जोडलं होतं आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवस स्वतःच्या मनगटावर घातलं होतं. दुरुस्त केलेलं घड्याळ दोन दिवस अंगावर चालवून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. बावीस वर्षांचा हा नेम. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळ बंद पडलं. त्यांनी पुन्हा उघडलं, भिंग लावून एकेक चाक तपासलं, पुन्हा घातलं, आणि ते पुन्हा थांबलं.

तिसऱ्या खेपेला आत काहीच सापडलं नाही. त्यांनी ते मुठीत धरून बराच वेळ हलवलं आणि टेबलावर उताणं ठेवून दिलं. तिथं ते दीड दिवस बिनतक्रार चाललं.

म्हणजे घड्याळात दोष नव्हता. कुंडलिकांनी आपल्या हाताकडे बघितलं. सकाळी आठला तो टेबलावर टेकायचा तो संध्याकाळी सातला उचलला जायचा. चिमटा धरलेली बोटं हलायची ती ज्वारीच्या दाण्याएवढी. दुकानामागच्या खोलीपासून दुकानापर्यंत सात पावलं. पाण्याचा नळ मागच्या अंगणात. जेवणाचा डबा खानावळीतून यायचा. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडला बैलगाडीची धडक बसून सायकलवरून पडले, खुबा मोडला, तो वाकडाच बसला. तेव्हापासून काठी. त्याआधी ते रोज संध्याकाळी सायकलवर तळ्यापर्यंत जाऊन यायचे. आता जायचं तर कुणाकडे जायचं, हाही प्रश्न होता. बायको, मायाक्का, सत्तर साली काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. सांगोल्याकडचा भाऊ मेंढरांमागे रानोमाळ, तो वर्षाकाठी एकदा यायचा, दारात उभ्यानं चहा घ्यायचा आणि निघायचा.

घड्याळ चालेल एवढाही आपला हात दिवसभरात हलत नाही, हे त्या दुपारी कुंडलिकांना कळलं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी घड्याळ डबीत ठेवलं आणि पुढचं काम ओढलं.

पण नुसतं गप्प बसून भागणार नव्हतं. असली घड्याळं आता बरीच यायला लागली होती. कुणाचा भाऊ मस्कतला, कुणाचा जावई कुवेतला. त्यातून मुकादम येऊन बोलून गेले होते.

"कुंडलिकराव, तुमच्यानं हुईना तर सांगा. पुण्याला धाडतो."

"हुतंय की. आठ दिस द्या."

"आठ दिस मागंबी दिलं व्हतं."

मुकादम वाईट माणूस नव्हते. आवाज मोठा होता एवढंच. पण ते बिडी कारखान्याचे मुकादम, ओळखी दांडग्या. त्यांनी कारखान्यात बसून 'कुंडलिकला नवीन घड्याळं जमत न्हाईत' असं एकदा म्हटलं असतं, तरी निम्मी पेठ दुसरीकडे गेली असती.

घड्याळं हलती ठेवायचं यंत्र मिळतं, हे कुंडलिकांना ठाऊक होतं. पूर्वी नव्या पेठेत ज्या बोहरी उस्तादाकडे ते काम शिकले, त्याच्याकडे विलायती सामानाची एक जाडी यादी होती. तिच्यात त्याचं चित्र होतं. एक उभी चकती, तिच्यावर सहा घड्याळं बांधलेली, मिनिटाला चार फेरे. त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला कार्ड टाकलं. उत्तर आलं, त्यात किंमत होती, आणि ती त्यांच्या तीन महिन्यांच्या कमाईहून जास्त होती. वर एक ओळ: माल आल्यावर कळवू.

मग मल्लप्पा फिटरला बोलावलं. मल्लप्पा यंत्रमागाची कामं करायचा आणि त्याला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता यायचं नाही. त्यानं एका जुन्या टेबलपंख्याची मोटर आणली, तिला लाकडी तबकडी लावली, घड्याळ बांधून बटण दाबलं. तबकडी अशी गरगरली की घड्याळाचे आकडे दिसेनात.

"स्पीड जरा जास्त हाय," मल्लप्पा म्हणाला.

"आतली पट्टी कडंला चिकटून बसंल. ती पडत-उठत पायजे, तवा भरतंय."

"कमी करतो की."

त्यानं कमी केलं, तर मोटर तापून वास यायला लागला. दोन दिवस झटून मल्लप्पानं ती परत नेली आणि आठवडाभर दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवली.

घड्याळ दाराच्या चौकटीला टांगून झोके देऊन बघितलं, नाही जमलं. मग कुंडलिक माणसांचा विचार करायला लागले. दिवसभर कुणाचा हात हलतो? पोस्टमनचा हलतो, पण तो गावभर फिरतो आणि घामानं भिजतो. खानावळीतल्या बाईचा भाकरी थापताना हलतो, पण तिथं पाणी आणि पीठ. मागावरच्या विणकराच्या हाताला हिसके फार. आणि परक्याची वस्तू कुणाच्या हाती द्यायची म्हणजे तो माणूस भरवशाचा हवा. असा माणूस आपल्या ओळखीत कोण, हे शोधताना कुंडलिकांना कळलं की आपल्या ओळखीत माणसंच फार थोडी उरली आहेत. बाकी सगळी गिऱ्हाइकं.

अशा विचारात ते एका सकाळी समोर बघत बसले होते. गल्लीच्या पलीकडे, बारा पावलांवर, सावित्रम्मा उंबऱ्यात बिड्या वळत होती. सहा वर्षं ती तिथं राहत होती आणि सहा वर्षं रोज त्यांना दिसत होती. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांत धरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळून तोडायचा. लगेच दुसरं पान. उजवं मनगट एका बिडीला पाच-सहा वेळा वर-खाली व्हायचं, आणि अशा हजार बिड्या ती रोज वळायची. कुंडलिकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं आणि नुसते त्या मनगटाकडे बघत राहिले.

दुपारी काठी घेऊन ते गल्ली ओलांडून गेले. तिनं मान वर केली. चाळिशी उलटलेली, काळीसावळी, कपाळ मोकळं पण गळ्यात काळी पोत. नवरा नऊ वर्षांपूर्वी भिवंडीला मागावर गेला, त्याचं पुढं काही कळलं नाही, एवढं गल्लीला माहीत होतं.

"सावित्रम्मा, एक काम हुतं."

"बोला की अण्णा."

त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे मी नुसतं घालून बसायचं?"

"बसायचं, आणि तुमचं काम तुमी करायचं. सकाळी घालायचं, दिवसभर सलग हातात पायजे. काडायचं न्हाई. सांजच्याला मला द्यायचं. दिवसाला चार आणे."

"आणि तंबाखूची धूळ जाईल त्यात."

"मागचं झाकण घट हाय. वरनं मी कापडाची पट्टी शिवून देतो."

तिनं एक बिडी पुरी केली, दोरा तोडला.

"हरवलं, फुटलं, तर मी कुठून देऊ?"

"तुमच्या हातनं न्हाई फुटायचं."

हे त्यांनी कशावरून म्हटलं, त्यांनाही सांगता आलं नसतं. पण सहा वर्षांत त्यांनी तिच्या सुपातून एक पान खाली सांडलेलं बघितलं नव्हतं.

"आणि कुणी टाइम विचारला तर? मला येत नाही वाचायला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हात थांबवून किंचित हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांचं घड्याळ तिच्या उजव्या मनगटावर चढलं. पट्टा पोलादी होता, फार सैल. कुंडलिकांनी तिला हात पुढे करायला लावून मधले चार दुवे काढले. हाताची बोटं पानांनी पिवळसर, अंगठ्याच्या कडेला भेग. बाईमाणसाचा हात इतक्या जवळून त्यांनी सहा वर्षांत बघितला नव्हता. त्यांनी घाईनं पट्टा बंद केला.

त्या संध्याकाळी घड्याळ अर्ध्या मिनिटानंही मागं पडलं नव्हतं. दोन दिवस, तीन दिवस, तसंच. चौथ्या दिवशी मुकादम घड्याळ घेऊन गेले आणि गल्लीत उभं राहून म्हणाले, "बगा, मी म्हनत व्हतो, कुंडलिकरावच करनार."

"कसं केलं" हे त्यांनी विचारलं नाही. कुंडलिकांनीही सांगितलं नाही. एका बिडीवालीच्या हातावर आपलं परदेशी घड्याळ तीन दिवस होतं, हे मुकादमांना आवडेल की नाही, याची खात्री नव्हती. पुढं पुढं कुणालाच सांगायचं नाही हे आपोआप ठरून गेलं. सावित्रम्मालाही त्यांनी एवढंच सांगितलं की वर पदर असू द्या.

ती थंडी कुंडलिकांच्या लक्षात राहिली. रोज सकाळी साडेआठला सावित्रम्मा दुकानाच्या पायरीशी यायची आणि हात पुढे करायची. संध्याकाळी दिवेलागणीला घड्याळ परत आणून द्यायची. पहिले काही दिवस दोन शब्द, मग चार, मग ती पायरीवर टेकायला लागली. त्यांनी तिला वेळ वाचायला शिकवली. लहान काटा आधी बघायचा, मग मोठा. ती तेलुगूत आकडे पुटपुटायची आणि मराठीत सांगायची. आठ दिवसांत तिला पाच-पाच मिनिटंसुद्धा यायला लागली. मग संध्याकाळी ती स्वतःच सांगायची, "आज पाचला पाच कमी असताना माझी हजारावी झाली." दुपारच्या झोपेची वेळ तिनं शोधून काढली होती आणि ती झोप सोडून दिली होती, कारण झोपलं की हात हलत नाही.

"तेवढ्यानं काय हुत न्हाई," कुंडलिक म्हणाले. "दोन दिस चालंल एवडी स्प्रिंग भरलेली असतीया."

"असू द्या. पैसे घेते मी."

एकदा तिनं सांगितलं की भिवंडीला मुलगी दिली आहे, नवऱ्याच्या शोधात पहिल्या वर्षी ती तिथं गेली होती तेव्हाच सोयरीक झाली. नवरा सापडला नाही, जावई सापडला. हे सांगताना ती हसली, पण कुंडलिकांना हसू आलं नाही.

"एकटं करमतंय का?" त्यांनी विचारलं. असं काही त्यांनी कुणाला विचारल्याला वर्षं झाली होती.

"दुपारी मान खाली घालून वळत बसलं की डोक्यात आपलंच आपलं येत राहतं. आता हात कानाजवळ नेला की आवाज येतो. ते एक बरं आहे." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुम्हाला तर शंभर घड्याळांचा आवाज."

"मला ऐकूच येत न्हाई आता तो."

कधी ती वाटीभर चिंचेचं सार आणायची. कधी कुंडलिक खानावळीच्या डब्यातली शेंगाचटणी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. यापलीकडे काही नव्हतं. पण दुपारी चारनंतर कुंडलिकांचं लक्ष पुन्हा पुन्हा दिवेलागणीकडे जायचं, आणि ते स्वतःशीसुद्धा कबूल न करता सकाळी दाढी करायला लागले होते.

मार्च महिन्यात मुकादमांचं घड्याळ पुन्हा आलं. पडून काच फुटली होती. कुंडलिकांनी काच बसवली, आतून साफ केलं आणि नेहमीप्रमाणे सावित्रम्माच्या हातावर चढवलं. दुसरा दिवस शनिवार. शनिवारी ती बिड्या घेऊन मुकादमांच्याच कारखान्यात जायची, तपासून घ्यायची, पुढची पानं-तंबाखू आणायची. आतापर्यंतच्या शनिवारी कधी हातात दुसऱ्या कुणाची घड्याळं होती, कधी नव्हती. हे घड्याळ कारखान्यात घालून जाऊ नका, असं सांगायचं कुंडलिकांच्या डोक्यातच आलं नाही. सलग हातात पायजे, काडायचं न्हाई, हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ती ते अक्षराला अक्षर पाळत होती.

अकराच्या सुमाराला कारखान्यातली एक बाई, गोजरबाई, धापा टाकत दुकानात आली.

"तुमीच घड्याळवाले ना? सावित्रम्माला मुकादमांनी धरून ठेवलंय. चोरी केली म्हंत्यात. तुमाला बोलवा म्हनती ती."

कुंडलिक उठले. दुकान ओढून घेतलं, कुलूपही लावलं नाही. काठी टेकत, खुबा दुखत, ते गल्लीतून निघाले. दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. वाटभर ते मनात जुळवत होते, काय सांगायचं. सगळं खरं सांगायचं, एवढंच तर होतं. पण जसजसा कारखाना जवळ आला तसतसं त्यांना दुसरंच दिसायला लागलं. चार महिन्यांत तिच्या हातावर किती घड्याळं गेली होती. वकिलांचं होतं, साड्यांच्या दुकानवाल्याचं होतं, मास्तरांचं होतं. एकाला कळलं की सगळ्यांना कळणार. बिड्या वळणारीच्या हातावर घालून घड्याळं चालवतो हा.

कारखान्याच्या व्हरांड्यात तीस-चाळीस बायका सुपं घेऊन ओळीत बसल्या होत्या. तपासनिसाच्या टेबलावर ते निळं घड्याळ ठेवलं होतं आणि टेबलाच्या अलीकडे सावित्रम्मा उभी होती. तिच्या उजव्या मनगटावर कापडाची पट्टी तेवढी राहिली होती. कुंडलिक दिसले तसा तिचा चेहरा मोकळा झाला.

"या, कुंडलिकराव," मुकादम म्हणाले. "हे घड्याळ हिच्या हातात कसं? ही म्हंते तुमी दिलं."

"मीच दिलं व्हतं."

"कशापायी?"

सगळ्या बायका बघत होत्या. तपासनीस बघत होता. कुंडलिकांनी काठीवरचा हात बदलला.

"तुमाला पोच करायला. आज शनवार, ती हितं येनारच व्हती, म्हनून तिच्यासंगं धाडलं."

"आज दिलं?"

"व्हय. आज सकाळी."

मुकादमांचा आवाज जरा उतरला. "मग पिशवीत आणायचं. हातात कशाला घातलं?"

इथं कुंडलिकांनी थोडा वेळ घेतला. एवढ्या वेळात त्यांना दुसरं काहीतरी सुचायला हवं होतं.

"ते तिचं चुकलं," ते म्हणाले.

सावित्रम्मानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. तिनं मनगटावरची पट्टी सोडली, तिची घडी केली आणि टेबलाच्या कडेला ठेवली.

"बरं, बरं," मुकादम म्हणाले. "चोरी न्हाई ना, मग झालं. ए बाई, पुन्यांदा लोकाची वस्तू अंगावर घालायची न्हाई." ते घड्याळ कानाला लावून आत गेले. तपासनिसानं सावित्रम्माचं सूप पुढं ओढलं आणि त्या दिवशी तिच्या बिड्यांतून जरा जास्तच बाजूला काढल्या. बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे मिळत नसत. ती शेवटपर्यंत तिथं उभी राहिली. कुंडलिक बाहेरच्या कट्ट्यावर तिची वाट बघत बसले होते, पण ती मागच्या दारानं गेली होती.

सोमवारी साडेआठला ती आली नाही. मंगळवारीही नाही. समोर उंबऱ्यात ती रोजच्यासारखी वळत बसलेली दिसत होती. बारा पावलांवर. बुधवारी कुंडलिक गल्ली ओलांडून गेले.

"सावित्रम्मा."

"बोला."

अण्णा म्हणाली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"त्या दिवशी तसं बोलाया नगं हुतं. पर दुकान हाय. गिऱ्हाईक तुटलं असतं."

"ते खरं आहे. पोच करायला दिलं म्हणालात, ते मला कळलं. तुमचं दुकान आहे, बोलावं लागतं." तिचे हात चालूच होते. "पण माझं काय चुकलं, ते मला कळलं नाही. चार रात्री विचार केला. तुम्ही काढू नका म्हणालात, मी काढलं नाही."

उन्हात कुंडलिकांचं डोकं तापायला लागलं.

"उद्यापास्नं येतासा का?"

"नको. दुसरं कुणी बघा."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी दुसरं कुणी बघितलं नाही. उन्हाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्याचं कार्ड आलं की पुण्यातलं एक दुकान मोडतंय, तिथलं जुनं यंत्र निम्म्या किमतीत मिळेल. कुंडलिकांनी मागचापुढचा विचार न करता होकार कळवला. यंत्र लाकडी पेटीतून, भुशात घालून आलं. मल्लप्पानं ते बसवून दिलं आणि मायेनं पुसलं. उभी चकती, सहा घड्याळं, मिनिटाला चार फेरे. आवाज जवळजवळ नाहीच. वीज गेली तर तेवढा वेळ थांबायचं, आली की पुन्हा सुरू. त्यानं एकदाही दगा दिला नाही. पेठेतली माणसं मुद्दाम बघायला यायची. वकीलसाहेबांनी तर आपल्या मित्राला आणून दाखवलं. कुंडलिकांचं काम वाढलं, नाव झालं. दिवसभर त्यांच्या डाव्या बाजूला ती चकती फिरत असायची आणि समोर, गल्लीपलीकडे, मान खाली घातलेली सावित्रम्मा असायची. दोघं एकमेकांना दिसत होते आणि बोलत नव्हते, सहा वर्षं जसं होतं तसंच. फक्त आता ते तसं राहिलं नव्हतं. दिवेलागणीला कुंडलिकांचे कान अजून पायरीकडे लागायचे.

दसऱ्यानंतर समोर सामानाची बांधाबांध दिसली. भिवंडीला मुलीला दिवस गेले होते, जावयानं न्यायला पत्र पाठवलं होतं, सावित्रम्मा कायमचीच निघाली होती. हे कुंडलिकांना डबा आणणाऱ्या बाईकडून कळलं. टांगा दाराशी उभा राहिला. एक पेटी, एक वळकटी, भांड्यांचं पोतं. सगळं चढल्यावर ती टांग्यात बसायच्या आधी गल्ली ओलांडून दुकानाशी आली. पायरीवर चढली नाही, खालीच उभी राहिली आणि यंत्राकडे बघत राहिली. चकती पुरे दोन फेरे फिरेपर्यंत तिनं बघितलं.

"बरं चालतंय की."

"व्हय."

"बंद पडत नाही?"

"न्हाई."

"बरं झालं."

कुंडलिक काठी शोधत उठले. "सावित्रम्मा, ते चुकलं माझं. तुमचं काय चुकलं न्हवतं."

तिनं मान हलवली. "त्याला फार दिवस झाले आता," ती म्हणाली. मग तिनं त्यांच्या खुब्याकडे बघितलं. "पायाला तेल लावत जा. थंडी येईल आता." आणि ती गेली. टांगा कन्ना चौकाकडे वळेपर्यंत कुंडलिक उभे होते, मग पाय दुखायला लागला म्हणून बसले.

पुढच्या उन्हाळ्यात बाळासो मुकादम घड्याळ घेऊन आले. पट्ट्याचा खिळा निघाला होता. कुंडलिकांनी तिथल्या तिथं बसवून दिला. मुकादम खुर्चीत बसून यंत्राकडे बघत होते.

"ह्या यंत्रानं तुमचं नशीब उघडलं बगा, कुंडलिकराव. माझं घड्याळ तुमी ह्याच्यावरच नीट केलं न्हवं का?"

"न्हाई," कुंडलिक म्हणाले. "तवा यंत्र न्हवतं. तुमचं घड्याळ सावित्रम्माच्या हातावर चाललं. आदी तीन दिस, आनि काच बसवल्यावर पुन्हा. त्या शनवारी ते तिच्या हातात मीच घातलं हुतं, चालवायला. पोच करायला न्हाई. काडू नगा म्हनून मीच सांगितलं हुतं."

मुकादमांनी यंत्रावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली.

"मग तवाच का न्हाई बोलला?"

"भ्यालो."

"कशाला?"

"तुमी काय म्हनाल म्हनून."

"एवड्याला?" मुकादमांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "अवो, मी काय म्हननार हुतो? घड्याळ चाललं की झालं. त्या बाईला उगंच सगळ्यांदेखत बोललो मी." त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं, दोनदा हात हलवून बघितला. "किती झाले?"

"काय न्हाई. खिळ्याचं काय घ्यायचं?"

मुकादम उठले.

"मुकादमसाहेब, तिचा भिवंडीचा पत्ता कारखान्यात असंल का?"

"नाव आनि कार्डाचा नंबर असतोय रजिस्टरात. पत्ता कोन लिवून घेतोय?" ते पायरीवर थांबले. "बायकांना इचारून बगतो. त्या गोजरबाईला ठावं असंल."

गोजरबाईलाही ठाऊक नव्हता. मुकादमांनी आठवणीनं विचारलं होतं, हेच विशेष. आठ दिवसांनी ते जाता जाता दारातून तसं सांगून गेले.

समोरची खोली घरमालकानं एका सूतवाल्याला भाड्यानं दिली. तिथं सुताची गाठोडी रचलेली असत आणि दार बहुतेक वेळ बंद असे. कुंडलिक आणखी अकरा वर्षं त्या दुकानात बसले. कुणी विचारलं तर यंत्राची तारीफ करायचे, आणि न विचारता सावित्रम्माबद्दलही सांगायचे, तिचं नाव घेऊन, सगळं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी ते थांबवून सांगायचे. ऐकणारा बहुतेक वेळा हं हं म्हणायचा आणि आपलं घड्याळ कधी मिळेल ते विचारायचा.